हेमलता दिघे आणि पाण्यावरची डिस्क

हेमलता दिघेकडे चहाला गेलात तर तो तुम्हाला टवका उडालेल्या कपातूनच मिळणार. चांगले कप तिच्याकडे आहेत. सोनेरी काठाचे, काचेच्या कपाटात मांडलेले, दर रविवारी पुसलेले. ते पाहुण्यांसाठी आहेत असं ती म्हणते. पण एकाही पाहुण्याला त्यातून चहा मिळालेला मी पाहिलेला नाही, कारण आजच्यापेक्षा मोठा पाहुणा उद्या येणार याची तिला कायम खात्री असते. नव्या चादरी दिवाणात, नवा कुकर माळ्यावर, आणि वापरायला सगळं जुनंपानं. तिच्या लग्नातला शालू तिने इतका जपला की तो पुन्हा एकदाही न नेसताच घडीवर फाटला.

मला याचा राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो हे सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण हेमावर रागावण्याचा माझा हक्क जुना आहे. दोघी एकाच सुमारास नोकरीला लागून दिल्लीत आलो, ती जालन्याहून, मी साताऱ्याहून. दोघींची मुलं एकाच पार्कात खेळून हिंदीत भांडायला शिकली. ती केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. उंच, रुंद खांद्यांची, बोलायला मवाळ. भाजीवाल्याशीसुद्धा ती माफी मागितल्यासारखी घासाघीस करते.

तर पन्नाशी ओलांडलेली ही बाई डिस्क गोल्फ खेळते.

मला आधी वाटलं होतं की ही काहीतरी श्रीमंतांची भानगड असणार. तसं नाही. गोल्फसारखाच खेळ, पण काठी आणि चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची चकती, तिला डिस्क म्हणायचं. जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर एक बास्केट असते, तिच्या वर डिस्क अडवून आत पाडणाऱ्या साखळ्या लोंबत असतात. लांबून डिस्क फेकत फेकत जायचं आणि कमीत कमी फेकीत ती बास्केटमध्ये पाडायची. एवढंच. हेमाची मुलगी सृष्टी नोकरीसाठी फिनलंडला गेली आणि तिथे तिला या खेळाचं वेड लागलं. एकदा सुट्टीत आली ती दोन डिस्क घेऊनच, आणि आईला नोएडाच्या पुढे एका फार्महाऊसच्या जमिनीवर चालणाऱ्या क्लबात घेऊन गेली. सृष्टी परत गेली. हेमा मात्र जातच राहिली. तरुणपणी ती खात्याच्या टीमकडून रिंग टेनिस खेळायची, तो हात अजून शाबूत होता.

रविवारी सकाळी आमची वरात निघते. मेट्रोने सेक्टर बावन्नला उतरायचं, एक्कावन्नपर्यंत पायी जायचं, पुन्हा मेट्रो, मग ई-रिक्षा. मी खेळत नाही. मी थर्मास आणि संत्री घेऊन उन्हात बसते. दिल्लीच्या थंडीत याहून मोठं सुख नाही आणि ते मला कुणीही फुकट शिकवलेलं नाही, मी स्वतः शोधून काढलंय. हेमाचे यजमान मुरलीधर भावजीही येतात. ते निवृत्त आहेत, खेळाला ‘थाळ्या फेकणं’ म्हणतात, आणि त्यांना त्यात रस फक्त एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे तळं.

शेवटच्या बास्केटच्या वाटेत हे तळं आहे. फेकायची जागा अलीकडे, बास्केट पलीकडे, मध्ये हिरवट पाणी. पलीकडच्या काठाला डावीकडे मोकळी कोरडी जमीन आहे. उजवीकडे मात्र पाणी लांबवर आत घुसलेलं. डिस्क पाण्यात पडली की एक फेक दंडाची, शिवाय डिस्क गेली ती वेगळीच. मुरलीधर भावजींनी जळमटं काढायच्या बांबूला स्वयंपाकघरातला झारा तारेने बांधलाय. बुडालेली डिस्क त्या झाऱ्याने वर काढताना ते इतके खूश दिसतात की बायकोने पार मारावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे का, याची मला शंका यायची.

आता डिस्कबद्दल थोडं सांगायला हवं. मीही ते ऐकून ऐकूनच शिकले. सगळ्या डिस्क लांबून सारख्याच दिसतात, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर हात झटकून फेकलीत, तर नवी, जरा जड डिस्क सरळ जाते आणि वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळून खाली बसते. तीच डिस्क झाडांवर, दगडांवर आपटून घासली गेली की तिचा स्वभाव बिघडतो, ती उजवीकडे कलायला लागते. समोरून वारा असेल तर आणखीच कलते. अगदी हलक्या डिस्कला समोरचा वारा वर उचलतो आणि ती पतंगासारखी जागच्या जागी लटकून खाली येते.

हे सगळं हेमाला तोंडपाठ आहे. क्लबातली नवी मुलं, नोएडाच्या ऑफिसांत काम करणारी, तळ्यापाशी आली की तिला विचारतात, “आंटी, हवा सामने से है, कौन सी मारूँ?” आणि ही खात्यात फाइल वाचून दाखवावी तशी शांतपणे सांगते, “नई वाली, भारी वाली. आखिर में बाएँ जाएगी, उधर सूखा है. और जिस पे सबसे ज़्यादा भरोसा हो वही मारना.” मुलं तशीच मारतात आणि पार जातात. जाताना तिला थँक यू आंटी म्हणतात.

आणि स्वतः हेमा? स्वतःची पाळी आली की ती पिशवीतून सगळ्यात जुनी, घासून घासून पांढरी पडलेली लाल डिस्क काढायची. पाण्यावरून मारायची म्हणजे जुनी, गेली तर हळहळ नको, असा तिचा साधा हिशेब. लाल डिस्क तळ्याच्या मध्यावर पोचली की उजवीकडे कलायची आणि ‘डुब’ असा आवाज करून दिसेनाशी व्हायची. मग कुणीतरी तिला सांगितलं की पाण्यावर तरंगणाऱ्या डिस्क मिळतात. तिने लगेच एक पिवळी मागवली. ती इतकी हलकी होती की जराशा वाऱ्यावर उंच जाऊन मधोमध पडायची. पडून तरंगायची मात्र छान. भावजी ती झाऱ्याने ओढून आणायचे आणि हेमा समाधानाने म्हणायची, “बघ, सापडली की नाही?”

“अगं, सापडायला काय, ती पडलीच कशाला?” मी ओरडायचे. तिच्यावर काही परिणाम होत नसे.

तिच्याकडची चांगली डिस्क मला एकदा थंडीत सापडली. तिने मला कपाटातून शाल आणायला सांगितलं होतं. लोखंडी कपाटात, नारायणपेठ साडीच्या शेजारी, मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं आणि त्यावर डांबरगोळी. मला वाटलं चांदीचं ताट असेल. उघडून पाहिलं तर मोरपिशी रंगाची डिस्क, एक ओरखडा नाही. मागच्या बाजूला सृष्टीच्या अक्षरात ‘आई’ लिहिलेलं आणि खाली हेमाचा फोन नंबर. हरवलेली डिस्क ज्याला सापडेल त्याने फोन करावा म्हणून खेळाडू असं लिहितात. सृष्टीने ही डिस्क खास या तळ्याचा विचार करून फिनलंडहून निवडून पाठवली होती, जड आणि शेवटी हमखास डावीकडे बसणारी. कपाटातून हेमाला कोण फोन करणार होतं?

“ती नको काढूस, घाण होईल,” हेमा बाहेरून म्हणाली.

“सृष्टी विचारत नाही का?”

“विचारते ना. सांगते मी, रोज फेकते म्हणून.” आणि ती लाजून हसली. दर मॅचला ती डिस्क बरोबर न्यायची हेही मला मग कळलं. पिशवीच्या तळाशी, गुंडाळलेली. न्यायची आणि परत आणायची. लग्नाला जाताना दागिना पर्समध्ये ठेवून न घालताच परत यावं, तसला प्रकार.

फेब्रुवारीत एक फलक आला. क्लब चालवणारा धीरज दहिया चांगला मुलगा आहे, आयटीत नोकरी करून हा पसारा सांभाळतो. एका रविवारी त्याने सगळ्यांना जमवलं आणि मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, “होली के बाद जो टूर्नामेंट है, उससे नया नियम. पचास से ऊपर की सभी आंटियाँ तालाब के उस पार से फेंकेंगी. नो टेंशन, नो पेनल्टी.” फलकही तयार होता, गुलाबी. त्यावर ‘सीनियर लेडीज’ लिहिलेलं आणि कोपऱ्यात फूल काढलेलं.

कौशल्याताई लगेच हात जोडून मोकळ्या झाल्या. त्या करोल बागेतल्या. नवऱ्याचा सोनं गाळायचा धंदा, मूळचे विट्याचे. वयाने आमच्याहून मोठ्या, आणि तळ्यासमोर उभं राहिलं की घाबरून इतक्या हळू फेकायच्या की डिस्क काठाजवळच बुडायची. “बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या, “एकदाचा जाच संपला.”

मी हेमाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. खात्यात तिला डावलून ज्युनियरला बढती दिली तेव्हाही तो असा उतरला नव्हता. ती उठली आणि सगळ्यांसमोर धीरजला म्हणाली, “बेटा, टूर्नामेंट में मैं पीछे से मारूँगी. पार गई, तो ये बोर्ड कभी नहीं लगेगा, किसी के लिए नहीं. नहीं गई, तो मैं खुद लगाऊँगी.”

धीरज गोंधळला. “आंटी जी, आपके भले के लिए ही…”

“पता है बेटा. फिर भी.”

परत येताना मेट्रोत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. ती एकदम म्हणाली, “विनया, मला उचलून आधीच पाण्यापलीकडे ठेवलं, तर मी तिथे खेळायला जायचं कशाला?” मला तिच्याबद्दल एकदम प्रेम दाटून आलं. मी तिच्या मांडीवर संत्रं ठेवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऑफिसमधून आली की ती पार्कात फेकायची. क्वार्टर्समधली मुलं गोळा व्हायची, वॉचमन डिस्क परत आणून द्यायचा. हात जोरदार झाला. खांदा वळायला लागला. पण फेकायची कोणती? लालच. मी रोज बाल्कनीतून पाहायचे आणि रोज माझं डोकं फिरायचं. पण मला वाटलं, ऐन वेळी ती मोरपिशी काढेल. एवढं बोलून बसलीय, काढेलच.

टूर्नामेंटच्या दिवशी मार्चमधला तो कोरडा वारा सुटला होता, डोळ्यांत धूळ भरणारा. तळ्यापाशी तर तो सरळ समोरून येत होता. पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या. हेमा सकाळपासून छान खेळली होती. आधीच्या बास्केटना तिने तरुण मुलींना चांगलं दमवलं. पण ते कुणी फारसं पाहत नव्हतं. सगळा क्लब येऊन तळ्याकाठी उभा होता. फलकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. फलक पलीकडच्या काठावर, गवतात उताणा पडलेला मला दिसत होता. कौशल्याताई माझ्याशेजारी पदर मुठीत धरून उभ्या. मुरलीधर भावजींनी बूट काढून पँट दुमडून ठेवली होती, हातात झारा.

हेमा फेकायच्या जागेवर गेली. तिने पिशवी उघडली आणि लाल डिस्क काढली.

मला वाटलं माझ्या डोक्याची शीर तुटणार. खेळाडू फेकायला उभा राहिला की कुणी बोलायचं नाही असा या खेळाचा शिष्टाचार आहे. धीरजने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलंही होतं. पण माझ्याने राहवलं नाही. “हेमा!” मी ओरडले. दोन बगळे उडाले. “थांब जरा!”

“श्श, आंटी!” कुणीतरी म्हणालं.

“श्श तुझ्या घरी. हेमा, मला एक सांग. समोरून वारा आहे आणि या पोरांपैकी एखाद्याने विचारलं, आंटी कौन सी मारूँ, तर काय सांगशील?”

ती माझ्याकडे वळली. मग सवयीने तिच्या तोंडून निघालं, “नई वाली, भारी वाली. जिस पे सबसे ज़्यादा…” आणि ती थांबली. हातातल्या लाल डिस्ककडे पाहिलं.

“बुडाली तर?” ती हळूच म्हणाली, आणि आता ती मराठीत फक्त माझ्याशी बोलत होती. “सृष्टीने दिलीय गं. परत तशी मिळणार नाही.”

“बुडाली तर भावजी काढतील. नाही काढली तर मी उतरेन. पण तुला पाण्यापलीकडे जायचंय की जपून घरी यायचंय, ते आत्ता ठरव. तुझं तू ठरव.”

हेमा खाली बसली. पिशवीच्या तळातून तिने ते गुंडाळलेलं काढलं. मलमल सोडली. मोरपिशी डिस्क उन्हात चमकली आणि मागून एका मुलाने “ओहो, आंटी!” अशी दाद दिली. तिने डिस्क पदराला पुसली, गरज नसताना. बोटं ‘आई’ या अक्षरांवरून एकदा फिरली. मग ती उठली, दोन पावलं मागे गेली, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की ती तळ्याकडे बघतच नव्हती. ती बास्केटकडे बघत होती.

तीन लांब पावलं टाकून तिने हात झटकला.

डिस्क निघाली ती खाली, सपाट, वाऱ्याच्या पोटात घुसल्यासारखी. तळ्याच्या मध्यावर ती जराशी उजवीकडे कलली. कौशल्याताईंनी माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. वाऱ्याने तिला पाडायचा प्रयत्न केला, मी डोळ्यांनी पाहिलं. पण ती पडेना. पुन्हा सरळ झाली, पुढे गेली, आणि काठ जवळ आल्यावर, अगदी हेमा पोरांना सांगायची तशीच, डावीकडे वळली आणि कोरड्या जमिनीवर बसून गवतातून घसरत पुढे गेली.

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग जो आरडाओरडा झाला त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे मी नाकारणार नाही. पोरं शिट्ट्या मारत होती. धीरज टाळ्या वाजवत उड्या मारत होता, स्वतः हरल्याचा त्याला इतका आनंद झाला होता. मुरलीधर भावजी हातात झारा धरून पाण्याकडे पाहत होते. मग त्यांनी झारा खाली टाकला आणि बायकोचा हात धरून, चारचौघांत, आमच्या पिढीच्या नवऱ्याने कधी करू नये असं, तो हात उंच केला.

“पार झाली ना?” हेमा विचारत होती. तिला घाबरून पाहताच आलं नव्हतं. “अगं विनया, पार झाली ना?”

“पार झाली! डोळे उघड की आता!”

आम्ही सगळे तळ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. डिस्क बास्केटपासून चार हातांवर पडली होती. हेमाने दुसरी फेक सरळ साखळ्यांत घातली आणि साखळ्या खणखणल्या. त्या टूर्नामेंटमध्ये पहिली कोण आली ते मला आठवत नाही. हेमा तिसरी आली. पण फोटो सगळ्यांनी तिच्याबरोबर काढले. धीरजने गवतातला तो गुलाबी फलक उचलला, कुणाला काही न बोलता गाडीच्या डिकीत नेऊन टाकला, आणि परत येऊन हेमाच्या पाया पडला.

मला भीती वेगळीच होती. मोरपिशी डिस्क घसरताना एका दगडावर आपटली होती. कडेला चांगला लांब ओरखडा उठला होता. हेमाने तो पाहिला. बोट फिरवून पाहिलं. आता ही रडते की काय, असं वाटून मी पाठीवर हात ठेवायला पुढे झाले.

एवढ्यात कौशल्याताई आल्या. त्या इतका वेळ तळ्याकडे पाहत उभ्या होत्या. फलक गेल्यामुळे त्यांनाही अलीकडूनच मारावं लागलं होतं, त्यांची फेक त्या दिवशीही पाण्यातच गेली होती, आणि स्पर्धा तर केव्हाच संपली होती. पदर खोचत, जरा संकोचाने त्या म्हणाल्या, “हेमा, एकदा ती तुझी दे बरं मला. फेकायच्या जागेवर जाऊन पाण्यावरून एकदा मारून बघते. म्हणजे, तुझी हरकत नसेल तर. कापड बिपड घालून ठेवतेस ना तू.”

मी हेमाकडे पाहिलं. ताईंचा हात अजून पार जाणारा नव्हता हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने मोरपिशी डिस्क पदराने पुसली नाही. तशीच, माती लागलेली, कौशल्याताईंच्या हातात दिली.

“घाबरून हळू नका मारू, ताई,” ती म्हणाली. “जोरात मारा.”